शनिवार तेली : तडजोड कुठे करायची आणि कुठे नाही

आज गोवंडीत बसून आपण ज्यू धर्मनिष्ठेबद्दल बोलणार आहोत, म्हटल्यावर काहींच्या मनात आलं असेल, की एवढ्या लांबचा विषय कशाला? तर हा विषय लांबचा नाही. आपल्या हार्बर लाइनवर, सीएसएमटीच्या अलीकडचं स्टेशन मशीद. तिथे उतरून सॅम्युअल स्ट्रीटकडे चालत गेलं की 1796 साली स्थापन झालेलं 'शआर हारहमीम' हे सिनेगॉग लागतं. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत मशीदच म्हणत, आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगितलं जातं. हे सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. सुखरूप सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा त्यांचा तिथला नवस अशी परंपरा आहे.

पण दिवेकरांच्या आधीचं काय? तेव्हा सिनेगॉग नव्हतं, रब्बी नव्हता, हिब्रू ग्रंथही नव्हते. परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज कोकणातल्या गावागावांत पसरले, गावावरून दिवेकर, किहीमकर, राजपूरकर झाले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'.

या नावात केवढी किंमत दडली आहे बघा. रोजच्या धंद्यावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातला एक दिवस सोडायचा. शेजारचा तेली त्या दिवशी घाणा चालवतोय, गिऱ्हाईक त्याच्याकडे जातंय. विचारायला वरती कोणी धर्मगुरू नाही. एखाद्या शनिवारी दोन घाणे काढले असते तर कोणाला कळलं असतं? पण दहा आज्ञांमधली शब्बाथची आज्ञा माणसाबरोबर गुराढोरांनाही विश्रांती देते. घाण्याचा बैलसुद्धा त्या दिवशी सुटा.

दुसरं उदाहरण मासळीचं. ज्यू धर्माला पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. म्हणजे पापलेट चालेल, बांगडा चालेल. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, शिंगाळा हे नाही. आता कोकणच्या किनाऱ्यावर राहायचं आणि कोळंबी खायची नाही! डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू प्रवाशाने यांची पारख कशी केली, त्याची एक गोष्ट समाजात सांगतात. त्याने बायकांपुढे सगळी मासळी एकत्र ठेवली. त्यांनी पर-खवले नसलेले मासे वेगळे काढले, आणि त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. ग्रंथ नव्हते, पण स्वयंपाकघराला नियम पाठ होता. मुलग्याची आठव्या दिवशीची सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थनाही त्यांनी सोडली नाही.

मग त्यांनी तडजोड केलीच नाही का? भरपूर केली. लग्नात मेंदी आली, मंगळसूत्र आलं. भाषा मराठी झाली. शेजाऱ्यांचा मान राखून पुष्कळांनी गोमांस टाळलं. धर्माने ते खायची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही, तेव्हा टाळल्याने काही बिघडलं नाही. मांसाबरोबर दूध चालत नाही, तिथे नारळाचं दूध आलं. धर्म न मोडता कोकणात कसं राहायचं याची ही वाट होती. जे शेजाऱ्याला देता येतं ते मोकळ्या हाताने द्यायचं. जे आपलं नाहीच, देवाचं आहे, ते द्यायचं नाही.

सगळं असंच सरळ चाललं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. कोकणातून मुंबईत आल्यावर गिरणी, कचेरी, रेल्वे यांत शनिवार कामाचा दिवस होता. खेड्यात जपलेला शनिवार पगारापुढे अनेकांचा सुटला. निष्ठा म्हणजे कधीही न चुकणं, अशी व्याख्या केली तर कोणताच समाज तिच्यात बसणार नाही.

आणि खरी कसोटी पुढे आली, ती स्वतःच्या धर्मबांधवांकडून. 1948 नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. तिथे काही रब्बींनी त्यांची लग्नं लावायला नकार दिला. हे लोक शतकानुशतकं एकटे राहिले, त्यांच्यात घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, अशी शंका. 1962 साली मुख्य रब्बींच्या कचेरीने नियम काढला: लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करा. पूर्वजांत कोणी परधर्मीय निघालं, तर विधिपूर्वक स्नान करून धर्मप्रवेश करावा.

आता मोह बघा. चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, वेळ पडलीच तर एक बुडी मारायची, आणि लग्न लागतंय. परक्या देशात, तुटपुंज्या कमाईत, घरात लग्नाची मुलगी असताना कोणीही म्हणेल, घ्या बुडी आणि सुटा. पण ती बुडी मारणं म्हणजे 'आजवर आम्ही ज्यू नव्हतो' अशी कबुली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आजे-पणजे मग खोटे ठरले असते. 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल कुटुंबं जेरुसलेममध्ये ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन भरलं आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव झाला. त्यानंतर रब्बींच्या नियमांतून त्यांचं नाव निघालं.

मंडळी, कोकणात हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी त्यांना कधी विचारलं नाही, की तुम्ही खरे ज्यू कशावरून. घाणा बंद दिसला, त्यांनी नाव ठेवलं, विषय संपला. विचारलं ते आपल्याच माणसांनी. बाहेरच्याला नाही म्हणणं तसं सोपं असतं. आपलाच वडीलधारा 'एवढंसं मान्य कर, तुला आत घेतो' म्हणतो, तेव्हा खरं अवघड जातं. त्या वेळी बेने इस्राएल धर्मातून बाहेर पडले नाहीत, रब्बींना शत्रूही मानलं नाही. ते दारातच बसून राहिले आणि म्हणाले, आम्ही आतलेच आहोत.

पुढच्या वेळी मशीद स्टेशनवरून गाडी जाईल, तेव्हा एवढं आठवा.