शिब्यांच्या शोधातून लाभलेले आम्ल

कोकण-गोमंतकाच्या दमट हवेत मानेवर, पाठीवर फिकट ठिपके उमटतात; त्यांस आपण शिबे म्हणतो. विकार निरुपद्रवी, परंतु ठिपका पांढुरका दिसला की 'कोड तर नव्हे?' ही शंका घरात शिरते, आणि मुलगी उपवर असली तर औषधसुद्धा दाराआड लावले जाते. ज्या बुरशीमुळे ही अकारण धास्ती उत्पन्न होते, तिच्याच अभ्यासातून एक गुणकारी औषध हाती आले, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

ते औषध म्हणजे ॲझेलेइक आम्ल. ऑलिव्ह तेलात विपुल असणाऱ्या ऑलेइक आम्लावर नत्राम्लाची क्रिया केली असता ते मिळते. नत्र आणि तेल या अर्थांचे फ्रेंच व ग्रीक शब्द त्याच्या नावात एकत्र आले आहेत. गहू, जव यांतही ते अल्प प्रमाणात असते. रसायनज्ञांस ते एकोणिसाव्या शतकापासून परिचित होते. त्वचेशी मात्र त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

तो जोडला गेला रोममध्ये. तेथील सान गाल्लिकानो या त्वचारोग-संस्थेत मार्चेल्ला नाझ्झारो-पोर्रो व सिरो पास्सी यांनी प्रश्न घेतला तो साधाच: शिब्याच्या जागी रंग का उडतो? ही बुरशी स्निग्धाम्लांचे विघटन करते, आणि त्यातून निघणारी ॲझेलेइकसारखी आम्ले रंगद्रव्य घडविणाऱ्या टायरोसिनेज या एंझाइमला अडवितात, असे त्यांस प्रयोगनळीत आढळले. हे १९७८ साली प्रसिद्ध झाले. मग रंग उडविणारे द्रव्य वांगावर का लावू नये? ते लावले, तो रुग्णांच्या तोंडावरील मुरुमही ओसरू लागले! मुरुमांवरील निष्कर्ष १९८३ मध्ये आले. पुढे अमेरिकेत १९९५ साली मुरुमांसाठी २० टक्क्यांच्या मलमास मान्यता मिळाली.

वांगावरील त्याची खरी कसोटी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लागली. ३२९ स्त्रियांवर २४ आठवडे २० टक्के ॲझेलेइक आम्ल आणि ४ टक्के हायड्रोक्विनोन यांची तुलना झाली, आणि दोहोंचा गुण जवळजवळ सारखा ठरला. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरल्यास क्वचित निळसर-काळे डाग पडतात. हे पाहता आमच्या मते ॲझेलेइकचे पारडे जड आहे.

गंमत अशी की मूळ उपपत्तीच पुढे डळमळीत झाली. शिब्यांच्या जागी प्रत्यक्ष निर्माण होणारे हे आम्ल रंग उडविण्याइतके नसावे, बुरशीची अन्य द्रव्येही त्यास कारण असावीत, असे नंतरच्या संशोधकांचे म्हणणे पडले. परंतु त्या ३२९ स्त्रियांस आलेला गुण त्यामुळे खोटा ठरत नाही.

या आम्लाने उपजत सावळा वर्ण उजळत नाही. त्याचा मारा मुख्यतः अतिक्रियाशील रंगपेशींवर असतो. जाहिरातींच्या नादाने गोरेपणासाठी ते फासणाऱ्यांच्या पदरी निराशाच यायची. आरंभी चुरचुरते, खाज सुटते. गुण येण्यास महिने लागतात, आणि ऊन न टाळल्यास वांग परततो. शिब्यांस मात्र हे मलम लावू नये. तेथे बुरशीनाशकच हवे. बुरशी नष्ट झाल्यावरही रंग भरून येण्यास काही महिने जातात. तेवढ्यात औषध फसले, कोडच आहे, असे मानून घरात पुन्हा कुजबुज सुरू होते.