आघाडीच्या फळीचा जुना वाद

सामना हरला की प्रेक्षकांचा रोष प्रथम आघाडीच्या फळीवर आणि ती फळी मांडणाऱ्या प्रशिक्षकावर कोसळतो. बचावाच्या चुका लवकर विसरल्या जातात. न झालेला गोल मात्र वर्षानुवर्षे स्मरणात राहतो. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत भारतीय संघ ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा पराभूत झाला. तीन सामने झाले आणि एकही गोल नाही! त्या दिवसांत आमच्या नागपुरात सदर आणि मोहननगर भागांतील तरुण मंडळी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जो वाद घालीत, तो आम्ही पुष्कळदा ऐकला. एकाचे म्हणणे, पुढे एकटा सुनील छेत्री ठेवला तर गोल व्हायचा कसा? दुसऱ्याचे म्हणणे, मधल्या फळीतून चेंडूच पुढे येत नाही, त्यात आघाडीचा काय दोष? तिसरा सरळ क्रोएशियाहून आलेले प्रशिक्षक इगोर श्तिमाच यांच्यावर घसरे. जून २०२४ मध्ये श्तिमाच यांना दूर करण्यात आले, छेत्रीही त्याच महिन्यात राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले, आणि वाद आहे तिथेच राहिला.

या तरुणांचा एक समज मात्र आम्हांस खटकतो. आक्रमणाची आखणी ही परदेशातून आयात केलेली विद्या आहे आणि आपल्याकडे ती कधी नव्हतीच, असे ते गृहीत धरतात. इतिहास निराळे सांगतो. या देशात आघाडी कशी खेळवावी याचा विचार अत्यंत गंभीरपणे झालेला आहे. आणि तो करणारा मनुष्य हैदराबादचा एक शाळामास्तर होता.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन बचावपटू, तीन हाफबॅक आणि पाच आघाडीवीर अशी मांडणी सर्वत्र रूढ झाली होती. ब्रिटिश पलटणींनी हाच खेळ हिंदुस्थानात आणला. सिमल्याची ड्युरंड स्पर्धा १८८८ साली आणि मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली; आमच्याजवळच्या कामठीच्या छावणीतही गोऱ्या पलटणी होत्याच. पुढे १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते, ते आता दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफबॅकला मागे ओढून तिसरा बचावपटू केला आणि दोन आघाडीवीरांना किंचित मागे घेतले. मैदानावर ही मांडणी इंग्रजीतील डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी दिसे. जगाने ती उचलली. आपल्याकडे मात्र जुनी पाच जणांची आघाडी दीर्घकाळ टिकली.

आपल्या खेळाडूंचे मोठे भांडवल म्हणजे त्यांचे अनवाणी पाय. चेंडू पायाशी खेळवीत दोघातिघांना चकविणारा आघाडीवीर हा प्रेक्षकांचा लाडका. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये तलिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली खेळलेल्या आपल्या संघाने फ्रान्सला जेरीस आणले. सारंगपाणी रामन यांनी गोलही केला. परंतु दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा गेला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलावर इराणला नमवून आपण सुवर्णपदक मिळविले. अनवाणी खेळाचे समर्थक प्रसन्न झाले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. त्यानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. आमच्या मते बुटांचा हा निर्णय योग्य होता, पण दहा गोल केवळ पायांत बूट नसल्यामुळे होत नसतात. मांडणीही जुनी पडली होती.

दिल्ली आणि हेलसिंकी, दोन्ही वेळी प्रशिक्षक एकच होते: सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेले हे गृहस्थ हैदराबाद सिटी पोलीस संघाचेही प्रशिक्षक होते. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजच्या मैदानावर त्यांचा खेळ पाहणाऱ्यांस जाणवे की, या संघात चेंडू एकाच्या पायाशी फार वेळ राहत नाही. रहीम यांचा आग्रहच तो होता. चेंडू आला की लगेच पुढे द्यावा आणि स्वतः मोकळ्या जागी धावावे. हैदराबादेत त्यांनी ज्यात ड्रिबलिंगला मज्जाव असेल असे सामने भरविले. खेळाडूंना केवळ कमजोर पायानेच खेळावयास लावणारे सामनेही भरविले. चकवाचकवीवर टाळ्या पिटणाऱ्या प्रेक्षकांस हे रुक्ष वाटले असेल तर नवल नाही. एकट्याच्या कौशल्याचे आकर्षण आणि सामूहिक आक्रमणाची शिस्त यांतील हा झगडा आजही शमलेला नाही. चर्चच्या आवारातील तरुण वेगळ्या शब्दांत तोच झगडा मांडत असतात.

हेलसिंकीनंतर वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, हंगेरीने वेंब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरविले. हंगेरीचा मधला आघाडीवीर हिदेगकुटी पुढे न राहता मागे सरकून खेळे. त्याच्यामागे जावे की आपली जागा धरून राहावे हे इंग्लंडच्या बचावपटूस अखेरपर्यंत उमगले नाही, आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. मागे सरकणाऱ्या सेंटर फॉरवर्डची ही युक्ती रहीम यांनी आत्मसात केली. चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीवीर ही मांडणी ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात जगप्रसिद्ध करण्यापूर्वीच रहीम त्या दिशेने प्रयोग करीत होते, असे अनेक जाणकार मानतात.

या विचाराची कसोटी १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये लागली. देशातील उठाव चिरडला गेलेल्या हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे पहिल्या फेरीत आपणांस पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. आपल्या आघाडीत पी. के. बॅनर्जी, किट्टू, कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, कन्नायन आणि मध्यभागी मुंबईकडून खेळणारे नेव्हिल डिसोझा. नेव्हिल हे मूळचे गोव्यातील आसगावचे, १९३२ सालचा जन्म. नवव्या मिनिटास त्यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिलनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वी पुन्हा २-२. विश्रांतीनंतर पन्नासाव्या मिनिटास नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला, शेवटी किट्टूंनी चौथा केला. ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल एकाच सामन्यात करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून आमच्या समाजातील हा तरुण इतिहासात गेला.

यानंतरचा सामना वादाचे खरे मूळ आहे. ४ डिसेंबर रोजी उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया समोर. ज्या संघाने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविले होते, त्याला मध्यंतरापर्यंत आपण एकही गोल करू दिला नाही. विश्रांतीनंतर बावन्नाव्या मिनिटास नेव्हिल यांनी गोल केला. भारत १-०! ऑलिंपिकची अंतिम फेरी दृष्टिपथात आली. आणि पुढच्या पाच-सहा मिनिटांतच युगोस्लाव्हियाने दोन गोल परतविले; अखेर ४-१.

आघाडी मिळाल्यावर काय करावे? मागे सरून ती राखावी, की प्रतिपक्ष गोंधळलेला असतानाच दुसरा घाव घालावा? बुजुर्ग फुटबॉलप्रेमींमध्ये हा प्रश्न निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आघाडीचे दोघे मागे आणायला हवे होते. दुसरा म्हणतो, आपल्या संघाचे सामर्थ्य पुढे जाण्यातच होते. मागे बसला असता तर चाराचे सहा झाले असते. आमचा कौल दुसऱ्या तटाकडे झुकतो. बचावाच्या दमावर आपण युगोस्लाव्हियास पाऊण तासाहून अधिक काळ रोखले हे खरे, तथापि तो दम आघाडीने चेंडू पुढे नेऊन मिळवून दिलेल्या उसंतीवर अवलंबून होता.

त्या वादात एक गोष्ट हटकून विसरली जाते. त्या काळी बदली खेळाडू नव्हता. विश्वचषकात बदली खेळाडूस मुभा मिळाली तीच मुळी १९७० साली. आजच्यासारखे पाच ताजे खेळाडू उतरविणे, कडेला उभे राहून अखंड सूचना देणे, यांपैकी काहीच रहीम यांच्या हाती नव्हते. अकरा जण निवडावेत, त्यांस योजना समजावावी, मध्यंतरात चार शब्द बोलावेत. पुढचे सारे खेळाडूंच्या बुद्धीवर. अमेरिकेत स्थायिक झालेली आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे सुट्टीत येतात तेव्हा तेथील निराळ्या फुटबॉलचे, अंडाकृती चेंडूच्या खेळाचे, वर्णन करतात. तेथे प्रत्येक चाल प्रशिक्षकाच्या आज्ञेने होते. क्लीव्हलंड संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन खेळाडूंकरवी एकेक चाल मैदानात धाडीत. मेलबर्नच्याच वर्षी, १९५६ साली, त्यांनी आपल्या मुख्य खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवून थेट आज्ञा देण्याचा उद्योग केला, व तो तत्काळ बंद करण्यात आला. १९९४ सालापासून मात्र तेथे तो अधिकृतच आहे. त्या खेळात आक्रमण फसले तर दोष कोणाचा हे सांगणे सोपे. आपल्या फुटबॉलमध्ये ते कधीच सोपे नव्हते.

तिसऱ्या स्थानासाठी बल्गेरियाने आपणांस ३-० असे हरविले. चौथे स्थान. ऑलिंपिकमधील ती आजवरची आपली सर्वोच्च मजल आहे. नेव्हिल यांचे चार गोल स्पर्धेतील सर्वाधिक गोलांच्या बरोबरीचे होते.

जकार्ता, १९६२. रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपणांस ०-२ असे हरविले. थायलंडविरुद्ध ४-१ असा विजय मिळाला, परंतु बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्यास जबर दुखापत होऊन टाके पडले. जपानवरही मात झाली. उपांत्य सामन्यासाठी रहीम यांनी जो निर्णय घेतला तो आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाने घेतला तर त्याच्यावर टीकेचा भडिमार होईल. टाके पडलेल्या बचावपटूस त्यांनी सेंटर फॉरवर्ड केले! चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि तुळसीदास बलराम अशी तिघा कलावंतांची आघाडी हाताशी असताना त्यांच्या मधोमध हा धिप्पाड सरदार. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ असा विजय मिळाला. गोस्वामी यांचे दोन गोल आणि जर्नेल यांचा एक.

४ सप्टेंबरचा अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे जकार्तातील प्रेक्षक भारतावर संतापलेले होते. त्या हुर्योत सतराव्या मिनिटास पी. के. बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटास जर्नेल सिंग यांनी गोल केला. कोरियाने अखेरच्या मिनिटांत एक गोल फेडला. २-१, सुवर्णपदक. मधल्या फळीत गोव्याच्या कोलवाळ गावचे फोर्तुनातो फ्रँको होते. प्रेक्षकांस गोल करणारा स्मरतो. चेंडू हिसकावून आघाडीपर्यंत पोहोचविणाऱ्या फ्रँकोंसारख्यांचे नाव, आमच्या समाजातही, विचारावे लागते.

आता नागपूरकडे वळू. हे शहर क्रिकेटचे म्हणून ओळखले जाते, तथापि येथे फुटबॉलची एक आगळी परंपरा अलीकडेच उभी राहिली. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक प्राध्यापक विजय बारसे यांना २००१ साली पावसात झोपडपट्टीतील मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे तो घरोघरी पोहोचला. येथील मुले बेघरांच्या विश्वचषकातही खेळली. त्या स्पर्धेत एका बाजूस चारच खेळाडू, मैदान लहान. तेथे आघाडी आणि बचाव असा भेदच उरत नाही. चेंडू गेला की चौघांनाही मागे धावावे लागते, मिळाला की चौघेही आघाडीवीर. ड्रिबलिंगलाही तेथे जागा फार थोडी. एका स्पर्शात चेंडू पुढे द्या, हा रहीम मास्तरांचा पाठ या मुलांना लहान मैदानच शिकवीत असते, आणि आमच्या धर्मग्रामातील जी मुले त्यांच्याशी खेळून येतात त्यांचे वादही त्यामुळे अधिक मुद्देसूद असतात असे आमचे निरीक्षण आहे.

रहीम ११ जून १९६३ रोजी निवर्तले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. अर्जुन पुरस्कार १९६१ साली प्रथम पी. के. बॅनर्जी यांना मिळाला. पुढे बलराम, गोस्वामी, जर्नेल यांनाही मिळाला. नेव्हिल डिसोझा यांच्या वाट्यास तो आला नाही, आणि १९८० साली ते गेले. रहीम यांच्यावरील ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ साली आला. तोवर पी. के. आणि गोस्वामी २०२० साली, फ्रँको २०२१ साली, बद्रू बॅनर्जी २०२२ साली आणि बलराम २०२३ साली जग सोडून गेले होते. मेलबर्नच्या त्या मध्यंतरात मास्तरांनी आपल्या आघाडीवीरांस नेमके काय सांगितले, हे कर्णधार या नात्याने बद्रू बॅनर्जींना कदाचित सर्वांत अधिक ठाऊक असावे.