डिजिटल कुलपांचा कायदा : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्टा

सॉफ्टवेअर, चित्रपट, गाणे किंवा यंत्रातली संगणकीय आज्ञावली यांची परवानगीवाचून नक्कल, वापर वा फेरफार होऊ नये म्हणून निर्मात्याने घातलेला तांत्रिक अडसर म्हणजे डिजिटल कुलूप. पासवर्ड, डोंगल, परवाना तपासणारा सर्व्हर, गाडीच्या ईसीयूमधले (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातले) सुरक्षा-संकेत ही त्याची नित्याची रूपे. असे कुलूप तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा मानणारी तरतूद भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६५अ मध्ये आहे. मालकी-परवान्याची डिजिटल माहिती पुसण्याविरुद्धचे कलम ६५ब तिच्या जोडीला आले. दोन्ही कलमे २०१२ च्या दुरुस्तीने घातली गेली आणि २१ जून २०१२ पासून लागू झाली. जगभर हे कायदे करमणूक उद्योगाच्या आग्रहातून जन्मले. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात मात्र त्यांची गाठ पडते ती इंजिनाशी, सीएनसी यंत्राशी आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरशी. इथल्या गॅरेजवाल्याला कलम ६५अ ने फारसे अडवलेले नाही. त्याला अडवले ते तपासणीची साधने बाहेर न विकण्याच्या कंपन्यांच्या रिवाजाने, आणि त्यावरचा उतारा कॉपीराइट कायद्यात नव्हे तर स्पर्धा कायद्यात शोधावा लागला.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६० च्या दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि आकुर्डीत बजाज ऑटो उभी राहिली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसी) भोवतालची जमीन उद्योगांसाठी मांडून दिली. मर्सिडीज-बेंझ १९९५ पासून टेल्कोच्या आवारात जुळवली जात होती. २००९ मध्ये तिने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला त्याच वर्षी सुरू झाला, आणि महिंद्राही पाठोपाठ आली. या बड्या कारखान्यांभोवती जॉब वर्क करणाऱ्या लहान वर्कशॉपचे जाळे आहे, आणि या कारखान्यांत बनलेल्या गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजेस पुणे-नाशिक रस्त्याच्या दुतर्फा आहेत. कुलूप घालणारा आणि कुलपापाशी अडणारा असे दोघेही एकाच औद्योगिक वसाहतीत नांदतात, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य.

गाडीत कुलूप शिरले ते प्रामुख्याने प्रदूषण-नियमांच्या निमित्ताने. २०१३ पासून चारचाकींना स्वतःतला बिघाड नोंदवणारी ओबीडी-२ यंत्रणा बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन-मानक लागू झाले. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, चावी अशा प्रत्येकामागे एक छोटा संगणक बसला. बाजारातला साधा स्कॅनर लावला की सर्वसाधारण फॉल्ट कोड वाचता येतात. पण कॉमन रेल डिझेल गाडीत नवा इंजेक्टर बसवला, तर त्याचा संकेत ईसीयूला कळवावा लागतो. नवी चावी इमोबिलायझरशी जुळवावी लागते. अशा कोडिंगला अनेकदा कंपनीचेच सॉफ्टवेअर आणि कंपनीचाच पासवर्ड लागतो. हात काळे करून इंजिन उतरवणारा कसबी मेकॅनिक शेवटच्या टप्प्यावर अडतो आणि गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते.

हा अडसर थेट तपासला गेला तो भारतीय स्पर्धा आयोगापुढे. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून दुरुस्ती महाग पडते, असे तिचे स्वरूप होते. चौकशी वाढत वाढत १७ कंपन्यांवर गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने त्यांतल्या १४ कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपये दंड ठोठावला. टाटा मोटर्सच्या वाट्याला १,३४६.४६ कोटी आले, महिंद्राच्या २९२.२५, जनरल मोटर्सच्या ८४.५८, स्कोडाच्या ४६.३९, फियाटच्या २९.९८, मर्सिडीजच्या २३.०८ आणि फोक्सवॅगनच्या ३.२५ कोटी. या सातही कंपन्यांच्या गाड्या पिंपरी, चाकण, तळेगाव किंवा रांजणगावला तयार होत होत्या. त्यांच्या दंडाची बेरीज सुमारे १,८२६ कोटी होते. देशभर गाजलेल्या या खटल्याचा निम्म्याहून अधिक भार पुणे जिल्ह्यात कारखाने असलेल्या कंपन्यांवर पडला, ही गोष्ट त्या वेळच्या बातम्यांत जवळपास हरवली.

आयोगाचा युक्तिवाद वाचण्याजोगा आहे. गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्या दिसतात. पण एकदा गाडी दारात आली की तिच्या सुट्या भागांची बाजारपेठ त्या एकाच कंपनीची होते, आणि तिथे कंपनीचे वर्चस्व शंभर टक्के असते. काही भागांवरचा नफा उत्पादन-खर्चाच्या सुमारे १०० टक्क्यांपासून ५,००० टक्क्यांपर्यंत असल्याचे आयोगाने नोंदवले. कंपन्यांनी बौद्धिक संपदेची ढाल पुढे केली. सुटे भाग आणि तपासणीचे सॉफ्टवेअर आमची निर्मिती आहे, ती कोणाला द्यायची ते आम्ही ठरवू, असे त्यांचे म्हणणे होते. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(५) मध्ये बौद्धिक संपदेला सूट आहे खरी, पण भारतात नेमका कोणता हक्क आपल्याकडे आहे हे कंपन्यांना दाखवता आले नाही. शिवाय ती सूट वर्चस्वाच्या गैरवापराला लागू होत नाही, असे आयोगाने बजावले. सुटे भाग आणि तपासणी-साधने स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावीत, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे आदेश निघाले. हक्क असलेल्या वस्तूंसाठी करारानुसार रॉयल्टी घेण्याची मुभा मात्र ठेवली.

यातला बोचरा मुद्दा वेगळाच होता. यातल्या युरोपीय कंपन्यांना मायदेशी दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे तेव्हा युरोपीय महासंघाच्या २००७ च्या नियमावलीनेच भाग पडत होते. तिथे दिली जाणारी माहिती इथे गुपित ठरत होती. कुलूप तांत्रिक गरजेपोटी आहे की बाजाराच्या सोयीसाठी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच मिळते.

निकालानंतरची वाट मात्र लांबली. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्याबाबतचा निष्कर्ष मुख्यतः कायम ठेवला, पण दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर न मोजता विक्रीपश्चात व्यवसायाच्या उलाढालीवर मोजायला सांगितले. टाटा, महिंद्रा आणि इतर काही कंपन्या थेट स्पर्धा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान देत दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १० एप्रिल २०१९ च्या निकालात न्यायालयाने आयोगाच्या अध्यक्षांच्या निर्णायक मताची तरतूद रद्द केली आणि बाकीचा कायदा बव्हंशी उचलून धरला.

आता खुद्द कलम ६५अ. जिनेव्हात २० डिसेंबर १९९६ रोजी झालेल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कराराने सदस्य देशांना अशा कुलपांना कायदेशीर संरक्षण द्यायला सांगितले. अमेरिकेने १९९८ च्या डीएमसीए कायद्यात ते अतिशय कडकपणे केले. कुलूप का तोडले हे तिथे सहसा विचारले जात नाही, आणि तोडण्याची साधने विकणेही निषिद्ध आहे. भारत या करारात २०१८ च्या अखेरीस सामील झाला, पण त्याआधीच त्याने मवाळ मसुदा पत्करला होता. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडले तरच दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी, सुरक्षा-चाचणीसाठी किंवा सांकेतिक लेखनाच्या संशोधनासाठी तोडले तर गुन्हा नाही. साधने विकण्यावर स्पष्ट बंदी नाही. ‘परिणामकारक तांत्रिक उपाय’ कशाला म्हणावे याची व्याख्याही कायद्यात नाही.

इंजेक्टरचे कोडिंग करणारा मेकॅनिक कोणाचे सॉफ्टवेअर चोरून विकत नाही. त्यामुळे या कलमाचा साधा अर्थ लावला तर तो गुन्हेगार ठरू नये. मात्र एक गंमतशीर अट आहे. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि सगळा तपशील नोंदवून ठेवायचा. उधारीची वही न चुकता लिहिणाऱ्या गॅरेजांतही कुलूप-उघडणीची वही कोणी ठेवत असेल असे वाटत नाही. मीटर मागे फिरवणे किंवा प्रदूषणाची मर्यादा ओलांडेल असे रीमॅपिंग करणे हा वेगळा मामला. पण कंपनीने घालून दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने आधीच बंधन आहे. त्यासाठी कॉपीराइटचा बडगा कशाला हवा, हा प्रश्न रास्त आहे.

सुरक्षितता आणि प्रदूषणासाठी कुलूप हवे, हा कंपन्यांचा नेहमीचा दावा. फोक्सवॅगनच्या डिझेल-उत्सर्जन प्रकरणाने त्याला चांगलाच तडा दिला. गाड्यांवरचे कुलूप सैल करायला जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही विरोध केला होता. लोक इंजिनात फेरफार करून प्रदूषण वाढवतील, अशी तिची भीती होती. दोनच महिन्यांनी उघड झाले की फेरफार खुद्द उत्पादकानेच केला होता, तोही बाहेरच्यांना न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. भारतात चाचणी केली ती पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने. रस्त्यावर धावताना काही गाड्यांचे उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून सुमारे ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड लावला, पण सर्वोच्च न्यायालयाने दंडवसुलीला स्थगिती दिली. तिकडे अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये गाडी आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी कुलूप उघडण्याची सवलत मिळाली, आणि २०१८ मध्ये मालकाच्या वतीने दुरुस्ती करणाऱ्यालाही ती लागू झाली.

ट्रॅक्टरचा उल्लेख आला म्हणून पुणे जिल्ह्यातल्याच सणसवाडीकडे वळावे लागते. तिथे जॉन डिअरचा कारखाना आहे. याच कंपनीने २०१५ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कार्यालयापुढे मांडले होते की ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याला त्यातल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, ट्रॅक्टर चालवण्यापुरता परवाना मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये दुरुस्तीची मक्तेदारी केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर खटला भरला. भारतात ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन-नियम लागू झाले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन शेतापर्यंत पोचले. शिरूर-खेडच्या शेतकऱ्याला आज लागतो तो पाना आणि गावातला फिटर. पुढे लॅपटॉपही लागेल.

भोसरी आणि चाकणच्या लहान वर्कशॉपना कुलपाचा दुसरा चेहरा दिसतो, तो कॅड-कॅम सॉफ्टवेअरचा. मोठी कंपनी ड्रॉइंग ठरावीक फाइलमध्ये पाठवते. ती उघडायची, साचा करायचा, प्रोग्रॅम लिहायचा तर महागडे सॉफ्टवेअर हवे. मग क्रॅक केलेली प्रत घेण्याचा मोह होतो. सॉफ्टवेअर कंपन्यांचीच संघटना असलेल्या बीएसएच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतात बसवलेले ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. संघटनेचे हितसंबंध गृहीत धरूनच हा आकडा वाचावा, पण दुखणे खोटे नाही. शिक्षा मात्र इथे गाडीच्या कुलपापेक्षा कडक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्याच्या फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते.

कंपन्या सहसा पोलिसांकडे न जाता दिवाणी दाव्याची वाट धरतात. न्यायालयाने नेमलेला आयुक्त वर्कशॉपमध्ये येतो आणि संगणकांची तपासणी करतो. अशा तपासणीचे दंडक दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ऑटोडेस्कच्या एका दाव्यात घालून दिले. दिल्लीत दावा लावून महाराष्ट्रातल्या माणसाला तिकडे खेचण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये लगाम घातला. तो दावा सॉफ्टवेअरचा नव्हता, गाण्यांच्या हक्कांचा होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांच्या मालकाविरुद्ध तो दिल्लीत लावला होता. पण दिलासा वर्कशॉपवाल्यांनाही मिळाला.

किमतीचा प्रश्न आणखी गुंतला तो भाड्याच्या पद्धतीने. ऑटोडेस्कने २०१६ च्या सुरुवातीपासून आपल्या बहुतेक उत्पादनांचे कायमचे परवाने नव्याने विकणे थांबवले. एकदा पैसे मोजून दहा वर्षे वापरायची सोय गेली आणि वर्षाकाठी हप्ता सुरू झाला. मंदीच्या वर्षी यंत्र बंद ठेवता येते, वर्गणी बंद केली तर जुन्या ड्रॉइंगवर पुन्हा काम करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ असल्याचे मानले आणि मार्च २०२१ मध्ये कराच्या संदर्भात तोच सूर कायम ठेवला. मात्र घरात आलेला माल दरवर्षी नूतनीकरण मागत असेल तर मालकाकडे नेमके काय उरते, यावर या निकालांनी काही सांगितलेले नाही.

कायद्याने एक फट मुद्दाम मोकळी ठेवली आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार सॉफ्टवेअरच्या कायदेशीर धारकाला सुरक्षेसाठी प्रत ठेवता येते, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती सहज मिळत नसेल तर ती शोधूनही काढता येते. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या अभियंत्यांना हे ठाऊक असते. भोसरीच्या शेडमध्ये ते सहसा पोचत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने असे चार गट त्यात धरले. २०२५ मध्ये सुचवलेला दुरुस्ती-सुलभता निर्देशांक मात्र मोबाइल आणि टॅब्लेटपासून सुरू करायचा आहे. पोर्टलवर कंपन्या माहिती देतात ती स्वेच्छेने.

तळेगावात तयार झालेल्या जनरल मोटर्सच्या शेवरोले बीटच्या मालकांचा प्रश्न यात कुठेच बसत नाही. जनरल मोटर्सने भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली आणि तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद केले. २०२३ मध्ये हा कारखाना ह्युंदाईला विकण्याचा करार झाला. ह्युंदाईला खुद्द २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्याच प्रकरणात ४२०.२६ कोटी दंड केला होता. उत्पादकाने बाजार सोडला तर गाडीतल्या कुलपाची किल्ली कोणाच्या हवाली करायची, याची तरतूद कलम ६५अ मध्ये नाही, आणि स्पर्धा आयोगाचा आदेशही सुरू असलेल्या व्यवसायांपुरताच बोलतो.