गाजर आणि गोळी

चौरस आहार घेतानाही जीवनसत्त्वांची गोळी घ्यावी का? उत्तर शोधताना आपण फिनलंडमधला एक प्रयोग पाहू.

भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. गाजराला केशरी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटिनचा हा गुण असावा, असा तर्क होता. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवते.

१९८५ साली तपासणी सुरू झाली. धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींना ‘ई’ जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर उरलेल्यांना नुसतीच तशी दिसणारी गोळी. कोणाला काय मिळते, हे त्यांना किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

१९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक! अमेरिकेतही धूम्रपान करणाऱ्यांवरचा असाच प्रयोग १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. बहुतांशी धूम्रपान न करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांवरच्या १२ वर्षांच्या प्रयोगात तोटा दिसला नाही, पण फायदाही नाही.

तर्क चुकला कुठे? गाजरात एकच पदार्थ नसतो. शिवाय भाज्या खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. वर्गात हे अवश्य सांगावे.

गोळी निरुपयोगी नव्हे. गरोदरपणात फॉलिक आम्ल, बी-१२ची उणीव असल्यास बी-१२ घ्यावेच. पण आधी विचारावे : उणीव आहे का? नसेल, तर गाजर पुरे.