मुडदुशीचं मूळ गाव

वाशीम जिल्ह्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. काटेपूर्णेचं पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला मिळतं, पैनगंगेचं वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला. या दोन्ही समुद्रांच्या उथळ, वाळूच्या किनाऱ्यांवर मुडदुशी सापडते. वीतभर लांबीचा, चंदेरी, निमुळत्या तोंडाचा हा मासा रापणीच्या जाळ्याची चाहूल लागली की वाळूत घुसून बसतो. शास्त्राच्या पुस्तकांत मात्र ‘सिलॅगो सिहामा (फोर्स्काल, १७७५)’ अशी नोंद असून, मूळ ठिकाण म्हणून तांबड्या समुद्राचा किनारा दिलेला असतो. त्यावरून मुडदुशी तिथून इकडे आली असं समजणं म्हणजे जन्मदाखल्यावरच्या शिक्क्याला जन्मगाव मानणं होय.

ही नोंद झाली कशी ते पाहा. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानात मोहीम धाडली. तिच्यातला निसर्गशास्त्रज्ञ पेटर फोर्स्काल हा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. येमेनमधल्या लुहय्या बंदरावर मिळालेल्या या माशाला त्याने ‘सिहामा’ हे तिथलंच अरबी नाव दिलं. मासा सोलून त्याची अर्धी कातडी पानाफुलांसारखी कागदावर वाळवायची, ही त्याची पद्धत. तसे बरेच मासे कोपनहेगनच्या संग्रहात आजही आहेत. जुलै १७६३ मध्ये तो येमेनमध्येच हिवतापाने वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर त्याच वर्षी मुंबईला पोचला, वर्षभराहून अधिक राहिला, घारापुरीची लेणी मोजून-रेखाटून गेला आणि डेन्मार्कला परतल्यावर १७७५ साली त्याने मित्राची टिपणं छापली. मोहीम आधी मुंबईला लागली असती, तर मूळ ठिकाण म्हणून कदाचित आपलाच किनारा छापला गेला असता.

कोणी म्हणेल, मग या नावाचा उपयोग काय? कोळणीला ‘मुडदुशी’ पुरते. बाजारापुरतं ते खरं आहे. पण नोंद असली की ती तपासता येते, दुरुस्त करता येते. फोर्स्कालने हा मासा ‘अथेरिना’ गटात घातला होता. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएने १८१६ साली ‘सिलॅगो’ हा वेगळा गट केला. फोर्स्कालच्या नावाभोवतीचा कंस त्याच बदलाची खूण आहे. १९८५ साली ‘सिलॅगो इंडिका’ ही जात वेगळी निघाली. दिसायला ती बरीचशी मुडदुशीसारखीच. ओळखायला पोटातल्या हवेच्या पिशवीची ठेवण पाहावी लागते. जुनी नोंद नसती, तर ही नवी जात कशाहून वेगळी हे सांगता आलं नसतं. तेव्हा १७७५ हे साल मुडदुशीच्या अभ्यासाचं मानावं, तिच्या कुळाचं मानू नये.