खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी रंगभूमीवरील आणि मराठी व हिंदी चित्रपटसृष्टीतील ख्यातनाम अभिनेत्री. माहेरचे आडनाव लाड. जन्म मुंबई येथे. वडील पांडुरंग लाड हे मुंबईतील सॉलिसिटर. आईचे नाव मंजुळाबाई. घराणे सुखवस्तू व सुशिक्षित असल्याने त्यांचे शालेय शिक्षण कॅथीड्रल हायस्कूलमध्ये इंग्रजी माध्यमातून झाले. पुढे त्यांनी सेंट झेव्हिअर महाविद्यालयात प्रवेश घेतला. तथापि शिक्षण चालू असतानाच मुंबईतील धनिक खोटे कुटुंबातील विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला. बकुळ व हरिन हे त्यांचे दोन पुत्र. काही वर्षांतच खोटे कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली. संसार आणि दोन लहान मुले यांचा भार दुर्गाबाईंवर आला व अर्थार्जनाचे साधन म्हणून त्या चित्रपटांकडे वळल्या. पतीचेही अकाली निधन झाले.

दुर्गाबाईंच्या या निर्णयाचे महत्त्व तत्कालीन परिस्थितीच्या संदर्भात पाहावे लागते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटात तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळाली नाही. ती अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि चित्रपटात स्त्रियांचा प्रवेश झाला. तथापि पांढरपेशा समाजाची या व्यवसायाविषयीची अढी कायम राहिली. मराठी रंगभूमीवर तर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची परंपरा बालगंधर्वांच्या काळात परमोत्कर्षास पोहोचली होती. केवळ स्त्रियांच्या अशा काही नाटकमंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित समाजात त्यांना मानाचे स्थान नव्हते. १९३१ मध्ये बोलपटाचा उदय झाला आणि चेहऱ्याबरोबरच स्पष्ट वाणी, शुद्ध उच्चार व गाता गळा यांची निकड निर्माण झाली. शिकलेल्या स्त्रीला मागणी आली, परंतु तिने ती स्वीकारणे समाजाला मान्य नव्हते.

मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटातील एका छोट्या भूमिकेने दुर्गाबाईंचे पडद्यावर पदार्पण झाले. चित्रपट सुमार होता. प्रतिष्ठित घराण्यातील सुनेने त्यात काम करावे, यावर मात्र कडक टीका झाली व तिची झळ दोन्ही घराण्यांना बसली. या पहिल्या अनुभवाने त्यांची कारकीर्द संपण्याचा संभव होता. परंतु तो चित्रपट पाहून व्ही. शांताराम यांनी त्यांना प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या चित्रपटात तारामतीची भूमिका देऊ केली. गोविंदराव टेंबे हे हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते व संगीतही त्यांचेच होते. हा पहिला मराठी बोलपट. तो हिंदीतही काढण्यात आला. पार्श्वगायनाची पद्धत अद्याप रूढ झालेली नव्हती. त्यामुळे अभिनय करीत असतानाच गाणी म्हणावी लागत आणि ती ध्वनिमुद्रित होत. चित्रपट विलक्षण लोकप्रिय झाला. ज्या भूमिकेसाठी एकोणीस वर्षांपूर्वी स्त्री मिळाली नव्हती, त्याच भूमिकेने एका सुशिक्षित गृहिणीला अभिनेत्री म्हणून मान्यता मिळवून दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यानंतर ‘प्रभात’च्याच ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मध्ये त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला रंगविली. सोशिक तारामतीनंतर लगेच आलेली ही दर्पयुक्त, सत्तासंपन्न राणी त्यांच्या अभिनयाचा आवाका दाखविणारी ठरली. पुढे त्या कलकत्त्यास गेल्या. तेथे न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’ (१९३३) मध्ये मीरेची आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये सीतेची भूमिका त्यांनी केली. हे दोन्ही चित्रपट देवकी बोस यांनी दिग्दर्शित केले होते व दोहोंतही पृथ्वीराज कपूर त्यांचे सहकलाकार होते. त्या काळी नटनटी चित्रपटसंस्थांच्या मासिक वेतनावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी मात्र कोल्हापूर, पुणे, कलकत्ता व मुंबई येथील निरनिराळ्या संस्थांत, भूमिकेनुसार, कामे केली. कोणत्याही एका संस्थेशी कायमचे बांधून न घेता काम करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते. या स्वातंत्र्यामुळे उत्पन्नाची शाश्वती कमी झाली, तरी भूमिकांच्या निवडीत त्यांना मोकळीक मिळाली.

शांताराम दिग्दर्शित ‘अमरज्योती’ (१९३६) हा त्यांच्या कारकीर्दीतील महत्त्वाचा टप्पा होय. स्वतःच्या मुलावरील हक्क राज्याच्या कायद्याने नाकारल्यामुळे सूडाने पेटून चाचेगिरी पतकरणारी सौदामिनी ही त्यांनी साकार केलेली नायिका पौराणिक पतिव्रतांच्या चौकटीबाहेरची होती. स्त्रीच्या दास्याविषयीचा तिचा संताप दुर्गाबाईंनी आक्रस्ताळेपणा टाळून, भेदक नजर, ताठ देहबोली व संयत पण धारदार शब्दफेक यांतून व्यक्त केला. ‘सवंगडी’ (हिंदी ‘साथी’, १९३८) या चित्रपटाच्या वेळी त्यांनी निर्मितीच्या क्षेत्रातही पाऊल टाकले.

१९४० नंतरच्या दशकात त्यांनी नायिकेच्या रूढ प्रतिमेचा आग्रह धरला नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (हिंदी ‘चरणों की दासी’, १९४१) मधील छळवादी सासू, विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मधील कैकेयी आणि सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’ (१९४३) मधील अहंकारी मृणालवती या तीनही भूमिका प्रेक्षकांची सहानुभूती सहजासहजी न मिळणाऱ्या होत्या. ‘चरणों की दासी’ व ‘भरत मिलाप’ यांतील अभिनयाबद्दल बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनची पारितोषिके त्यांना लाभली. सासूची भूमिका करताना त्या पस्तिशीच्या आसपास होत्या. वयाने मोठ्या स्त्रीची भूमिका वेळीच स्वीकारल्यामुळेच त्यांची कारकीर्द दीर्घकाळ टिकली.

चित्रपटांतील यशानंतरही रंगभूमीचे आकर्षण त्यांना होते. मराठी रंगभूमीवर तोपर्यंत मोठा पालट झाला होता. हिराबाई बडोदेकरांनी स्त्रीपुरुषांच्या संमिश्र नाट्यप्रयोगांना चालना दिली होती, तर नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) पासून स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा आग्रह बळावला होता. दुर्गाबाई भारतीय जननाट्य संघाशी (इप्टा) संबंधित होत्या. तथापि त्यांचे प्रमुख नाट्यकार्य मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगांतून झाले. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ या १९०९ मधील नाटकातील आनंदीबाई ही मूळची पुरुष नटांनी गाजविलेली भूमिका. ती दुर्गाबाईंनी केली, तेव्हा आनंदीबाईच्या कारस्थानीपणाबरोबरच तिची असुरक्षितता व महत्त्वाकांक्षा यांनाही उठाव मिळाला. वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅक्‌बेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) या नाटकात लेडी मॅक्‌बेथच्या धर्तीची भूमिका त्यांनी केली. नानासाहेब फाटक हे त्यांचे सहकलाकार होते. फाटकांची भारदस्त, जुन्या वळणाची वाणी आणि कॅमेऱ्यासमोर घडलेला दुर्गाबाईंचा संयत अभिनय अशा दोन परंपरा या प्रयोगात एकत्र आल्या.

उत्तरायुष्यात त्यांनी मुख्यत्वे चरित्रभूमिका केल्या. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये सम्राट अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर, तर जोधाबाईच्या भूमिकेत दुर्गाबाई होत्या. पती व पुत्र यांच्या संघर्षात सापडलेल्या या राणीची घालमेल त्यांनी मोजक्या संवादांतून प्रत्ययास आणून दिली. जेम्स आयव्हरी यांचा ‘द हाउसहोल्डर’ (१९६३), तसेच ‘बावर्ची’ (१९७२), ‘अभिमान’ (१९७३), ‘बॉबी’ (१९७३), ‘बिदाई’ (१९७४) व ‘कर्ज’ (१९८०) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट. ‘बिदाई’तील भूमिकेबद्दल त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यांचे एकूण चित्रपट दोनशेच्या घरात जातात. १९५२ मध्ये त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ ही लघुपट व जाहिरातपट निर्माण करणारी संस्था स्थापन केली. तीच पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दूरदर्शनवरील ‘वागले की दुनिया’ (१९८८) ही लोकप्रिय मालिका याच संस्थेची होय.

संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक (१९५८), पद्मश्री (१९६८) व चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च असा दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये निघाला.

ऐसपैस, सुडौल अंगलट, रेखीव चेहरा आणि ठाशीव उच्चार यांमुळे राजस्त्रियांच्या भूमिका त्यांना विशेष शोभून दिसल्या. याच गुणांमुळे, विशेषतः उत्तरकाळात, राजमाता, घरंदाज आई व आजी यांच्या ठरीव साच्यात त्यांना पुष्कळदा अडकून पडावे लागले. सौदामिनी वा मृणालवती यांच्या तोलाच्या भूमिका हिंदी चित्रपटाने प्रौढ अभिनेत्रीसाठी क्वचितच लिहिल्या.

‘घरंदाज स्त्रियांना चित्रपटाची वाट खुली करणारी अभिनेत्री’ असा दुर्गाबाईंचा गौरव केला जातो. तो यथार्थ असला, तरी ती वाट त्यांच्या आधी कमलाबाईंसारख्या स्त्रियांनी तुडविली होती. त्यांना ती प्रतिष्ठा मिळाली नाही, कारण समाज कलेआधी कूळ पाहत होता. दुर्गाबाईंच्या कुळाने प्रारंभी लोकांचे लक्ष वेधले आणि लोकनिंदाही ओढवून घेतली. पुढील पन्नास वर्षे मात्र त्या टिकल्या, त्या शिस्त, व्यावसायिक सचोटी आणि अभिनयसामर्थ्य यांच्या बळावर. उदरनिर्वाहासाठी पतकरलेल्या कामाला त्यांनी स्त्रीच्या स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यवसायाचे रूप दिले, यात त्यांच्या कारकीर्दीचे ऐतिहासिक महत्त्व आहे.