माशांच्या दृष्टीचे प्रकाशानुकूलन

पाण्यातील उजेड वेळेनुसार, खोलीनुसार आणि पाण्याच्या गढूळपणानुसार बदलतो. या बदलांशी माशाचा डोळा जुळवून घेतो, त्याला प्रकाशानुकूलन म्हणतात. स्वच्छ समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खाली निळा उरतो. कुजलेल्या पालापाचोळ्याने रंगलेल्या गोड्या पाण्यात मात्र आधी निळाच संपतो. त्यामुळे उजेडाचे प्रमाण आणि त्याचा रंग, दोन्ही माशाला सांभाळावे लागतात.

माणसाची बाहुली उजेडात चटकन बारीक होते. बहुतेक माशांची बाहुली जवळजवळ स्थिरच असते. मुशी, पाकट, वाम आणि काही चपटे मासे हे अपवाद. इतरांमध्ये हे काम जालपटलातच उरकले जाते. दिवसा अंधुक उजेडासाठी असलेल्या शलाकापेशी लांबून मागच्या रंजकथरात शिरतात आणि मेलॅनीनचे कण त्यांच्याभोवती पसरून त्यांना झाकतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी त्याच वेळी आखडून भिंगाच्या बाजूला सरकतात. रात्री सगळे उलट घडते. या हालचालीला बराच वेळ लागतो, कधी तासभरही. पण अनेक जातींत ती शरीरातील घड्याळाने बांधलेली असते. सतत अंधारात ठेवलेल्या माशाच्याही शंकुपेशी पहाटेच्या सुमारास आखडू लागतात.

याहून संथ बदल दृष्टिरंजकांत होतो. दृष्टिरंजक म्हणजे ऑप्सिन हे प्रथिन आणि अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू यांची जोडी. या जीवनसत्त्वाचे ए-१ रूप वापरले तर डोळा निळ्या-हिरव्याला अनुकूल होतो, ए-२ वापरले तर तांबड्याकडे झुकतो. गोड्या पाण्यातील माशांमधील ए-२ वर आधारलेले रंजक जॉर्ज वॉल्ड यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले. दृष्टीवरील संशोधनासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. समुद्रातून नदीत चढणारा सॅमन ए-१ कडून ए-२ कडे वळतो.

युरोपीय वाम याच्या उलट वाटेने जाते, आणि तिचा बदल अधिक सखोल आहे. नदीत वाढलेली वाम प्रजननासाठी सारगॅसो समुद्राकडे निघते तेव्हा तिचे डोळे मोठे होतात, ए-२ ची जागा ए-१ घेते आणि शलाकापेशींतील ऑप्सिनही बदलते. नवे रंजक सुमारे ४८२ नॅनोमीटरचा, म्हणजे खोल समुद्रातील निळा प्रकाश सर्वाधिक शोषते.

खोल समुद्रातच राहणाऱ्या माशांना असा हंगामी बदल क्वचितच लागतो. तरीही डिरेट्मस अर्जेंटियस या माशात शलाकापेशींच्या ऑप्सिनची ३८ जनुके असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसात असे जनुक एकच आहे.